तीन महिने थांबा. गोळी मात्र एक दिवसही थांबवू नका

सोलापुरात अक्कलकोट रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून थोडं आवरून देते.

«डॉक्टर मॅडम, आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, वय 43. पाच-सहा वर्षांत त्यांचे हात-पाय मोठे होत गेले. चप्पल 8 नंबरची लागायची, ती 10 वर गेली. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना. दातात फटी पडल्या म्हणून दातांच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनीच ओळखलं आणि पुढं पाठवलं. ॲक्रोमेगाली (ग्रोथ हार्मोन जास्त झाल्यानं हात-पाय, जबडा वाढण्याचा आजार) निघाली. जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाल्यावर पुण्याला नाकातून ऑपरेशन झालं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर 17 मिलिमीटरची गाठ होती. दुसऱ्या दिवशी जीएच (ग्रोथ हार्मोन) 1.1 आलं, डॉक्टर खूश होते. तीन महिन्यांनी आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनमुळं वाढणारं दुसरं संप्रेरक) रक्तात तपासून या म्हणाले. पण आमच्या थोरल्या दिरांना दम निघंना. त्यांनी सहाव्या आठवड्यातच इथल्या लॅबमध्ये तपासणी करायला लावली. 398 आलं, रिपोर्टवर वरची मर्यादा 248 लिहिलीय. ऑपरेशनआधी पुण्यात 890 होतं, तिथं मर्यादा 255 होती. दीर म्हणतात, पैसे पाण्यात गेले, गाठ राहिलीय. मला रात्रभर झोप नाही. ऑपरेशन फेल गेलं का? पुढं मुलांना होईल का? आणि हो, एक हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दिलीय, ती स्टेरॉइड आहे म्हणून दिरांनी बंद करायला सांगितली. चार दिवस झाले घेतली नाही. जरा चक्कर येते, जेवणाची वासना नाही, सकाळी शुगर 68 आली. ते काय, अशक्तपणाच असेल.»

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. 398 च्या आकड्यानं तुमची झोप उडाली, पण मी दचकले ते «चार दिवस झाले घेतली नाही» वाचून. पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी निरोप दिला: पुण्याच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, गोळी आजच पुन्हा सुरू करा, आणि उलट्या होत असतील किंवा ते गळून पडले असतील तर फोनचीही वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्या. गोळी सुरू झाली, चक्कर थांबली, असं तुम्ही कळवलंत. तेव्हा आता निवांत बोलू. बोलायचं कारण एवढंच की ज्यांच्या घरी असंच ऑपरेशन झालंय, त्यांच्याकडंही एखादे थोरले दीर असतीलच.

आधी गोळीचं. कॉर्टिसॉल हे आपल्या शरीरात रोज तयार होणारं संप्रेरक आहे. ते किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत बनतं, पण बनवायचा हुकूम पिट्युटरीकडून सुटतो. यजमानांची गाठ 17 मिलिमीटरची होती. वाटाण्याएवढ्या पिट्युटरीशेजारी एवढी गाठ म्हणजे दाटीवाटीच. निरोगी भाग चेपला जातो, ऑपरेशनमध्ये त्याला थोडा धक्काही लागू शकतो. मग हुकूम सुटत नाही आणि कॉर्टिसॉल कमी पडतं. गोळीतून तेच भरून काढतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दोन-तीन भागांत, सकाळचा भाग सगळ्यात मोठा. शरीर स्वतः जेवढं बनवतं त्याच्याच आसपासचा हा हिशेब. जिममधली पोरं अंग फुगवायला जे घेतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि दम्याला किंवा सांधेदुखीला महिनोन्‌महिने मोठे डोस देतात तसलाही हा प्रकार नाही. «स्टेरॉइड» हा एकच शब्द इतक्या वेगवेगळ्या औषधांना लागतो की दिरांची गफलत मी समजू शकते. पण गफलत समजणं वेगळं आणि तिच्यावर गोळी बंद करणं वेगळं.

कॉर्टिसॉल कमी पडलं की काय होतं? भूक मरते, मळमळतं, उभं राहिलं की चक्कर येते, बीपी उतरतं, साखर उतरते. ही तुमच्याच पत्राची यादी आहे. अशात ताप आला, जुलाब लागले किंवा अपघात झाला, तर निरोगी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी पटीनं वाढवतं. यांचं शरीर वाढवू शकत नाही. माणूस काही तासांत कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून या गोळीवर असणाऱ्यांनी तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, आणि गोळी उलटून पडत असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घ्यावं लागतं. यजमानांसाठी नेमकं किती, हे पुण्याच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो तुमच्या आणि मोठ्या मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा. यजमानांच्या पाकिटात एक चिठ्ठी राहू द्या: पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे. बेशुद्ध माणूस इमर्जन्सीमध्ये आल्यावर अशी चिठ्ठी सापडली, की आम्हा डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

आता एप्रिल-मे येतोय. आपल्याकडं पारा 42-43 च्या पुढं जातो आणि लूमच्या शेडमध्ये तर विचारायलाच नको. घामानं पाणी-मीठ गेलं आणि वर एखादी गोळी चुकली, तर यजमानांना ते इतरांपेक्षा फार लवकर बाधेल. नाईट शिफ्ट असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पहिली गोळी झोपेतून उठल्यावरची असते, ती घड्याळातल्या सकाळी आठची नसते. मागाचे जड बीम उचलण्याचं काम कधी सुरू करायचं ते सर्जनना विचारून ठरवा. आणि एकादशीचा उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. पांडुरंग एवढं समजून घेईल.

ही गोळी जन्मभर लागेलच असं नाही. पुष्कळांची पिट्युटरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. ते बघायला सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. त्यासाठी आधीची गोळी कधी घ्यायची आणि त्या सकाळची कधी मागं ठेवायची, हे डॉक्टर सांगतील तसंच करा, कारण हायड्रोकॉर्टिसोन घेऊन रक्त दिलं तर तपासणीत गोळीच मोजली जाते. आकडा 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. 15 च्या वर असेल तर बहुधा ठीक. मधला असेल तर इंजेक्शन देऊन करायची आणखी एक तपासणी लागते. गोळी कमी करत नेणं आणि बंद करणं, हा निर्णय या आकड्यावर होतो. घरच्या बैठकीत होत नाही.

शुगरचं 68 याच्याशीच बांधलेलं आहे, पण त्याला दुसराही धागा आहे. ग्रोथ हार्मोन इन्सुलिनला विरोध करतं, म्हणून ॲक्रोमेगालीत पुष्कळांना मधुमेह होतो. ऑपरेशननंतर हा विरोध ओसरला की साखर आपोआप खाली येते, आणि जुन्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर गरजेपेक्षा जास्त खाली येते. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही ग्लिमेपिराइडचा उल्लेख केलाय. ती साखर पाडणारी गोळी आहे. ऑपरेशनआधीचाच डोस अजून चालू आहे का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा, आणि तोवर यजमानांच्या खिशात चार खडीसाखरेचे खडे असू द्या. ही खरं म्हणजे चांगली बातमी आहे ताई, फक्त ती चक्कर बनून आली.

आता तो 398.

गाठीतून ग्रोथ हार्मोन, म्हणजे रिपोर्टवरचं जीएच, सुटतं. ते यकृतात जाऊन आयजीएफ-1 बनवायला लावतं, आणि हाडं-मांस वाढवण्याचं बरंचसं काम आयजीएफ-1 करतं. जीएच रक्तात टिकत नाही, वीसेक मिनिटांत निम्मं होतं. म्हणून गाठ काढल्यावर ते तासाभरात खाली येऊ शकतं. दुसऱ्या दिवशीचं 1.1 बघून डॉक्टर खूश झाले ते यामुळं, आणि ते बरोबरच होतं. पण तो अंदाज होता, निकाल नव्हे. जीएच दिवसभर लाटेसारखं वर-खाली होतं, ऑपरेशनच्या ताणानंही हलतं. आयजीएफ-1 मात्र रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतं आणि सावकाश उतरतं. आपल्या सोलापुरी भाषेत सांगायचं तर जीएच म्हणजे नळ आणि आयजीएफ-1 म्हणजे घरातली पिंपं. नळ बंद झाला की धार लगेच थांबते, पण चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पिंपं भरलेलीच असतात. पिंपात पाणी दिसलं म्हणून नळ चालू आहे असं कोणी म्हणत नाही. (उपमा फार ताणू नका, यकृत काही पिंप नव्हे. पण दिरांना समजावायला पुरेल.)

म्हणून आयजीएफ-1 किमान 12 आठवड्यांनी बघायचं, अशी जगभरची पद्धत आहे. कुणाचं ते महिन्यातच जागेवर येतं, कुणाचं तीन महिन्यांनंतरही थोडं उतरत राहतं. सहाव्या आठवड्याला वाढलेलं आलं यावरून ऑपरेशन फसलं असं म्हणता येत नाही, आणि यशस्वी झालं असंही नाही. तपासणीच अर्ध्या वाटेवर केलीय.

शिवाय तुमचे दोन आकडे दोन वेगळ्या लॅबचे आहेत. आयजीएफ-1 मोजायच्या पद्धती निरनिराळ्या असतात आणि एकाच रक्ताचे आकडे दोन लॅबमध्ये बरेच वेगळे येऊ शकतात. अशा वेळी आकडा वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते बघायचं. आधी 890 ला 255, म्हणजे साडेतीन पट. आता 398 ला 248, म्हणजे सुमारे 1.6 पट. अर्ध्या वाटेवर साडेतीनचं दीडाच्या जवळ आलं. पैसे पाण्यात गेल्यासारखा हा उतार मला तरी दिसत नाही. पुढची तपासणी मात्र पुण्याच्या त्याच लॅबच्या त्याच पद्धतीनं होऊ द्या. आपल्याकडं घेतलेलं रक्त बऱ्याचदा पुण्या-मुंबईलाच जातं, तेव्हा सॅम्पल देताना कुठं जाणार आणि कोणत्या पद्धतीनं होणार हे विचारायला लाजू नका. आणि वरची मर्यादा वयानुसार छापलीय ना, तेही बघा. आयजीएफ-1 वयाबरोबर उतरतं. पंचविशीतल्या पोराची मर्यादा त्रेचाळिशीला लावून चालत नाही.

आकड्याला फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. कडक उपास, यकृताचा आजार, फार बिघडलेला मधुमेह यांनी आयजीएफ-1 खोटं कमी दिसतं. बायकांमध्ये इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही उतरतं, त्यामुळं संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. काही लॅबच्या यंत्रांना ते चकवतं, थायरॉइडचे आकडेसुद्धा बिघडवतं. यजमान घेत असतील तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या हे विचारा. केस गळायची काळजी यजमानांपेक्षा दिरांनाच जास्त असेल, असं मला पत्रावरून वाटतंय, पण विचारून घ्या.

जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऑपरेशन झालं म्हणजे 12 आठवडे एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरतात. तेव्हा आयजीएफ-1 आणि जीएच होईल, साधारण त्याच सुमाराला एमआरआय. त्याहून आधी एमआरआय काढला तर ऑपरेशनची सूज आणि भरलेलं साहित्य दिसतं, गाठ राहिलीय की नाही ते नीट कळत नाही. जीएच 1 च्या वर आलं तर ग्लुकोजची तपासणी सांगतील: उपाशीपोटी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तास दर अर्ध्या तासानं रक्त द्यायचं. निरोगी माणसात साखर पोटात गेली की जीएच दबतं. गाठ शिल्लक असेल तर ते दबत नाही. 1 नॅनोग्रॅमच्या खाली दबायला हवं. नव्या, जास्त बारीक मोजणाऱ्या पद्धतीत 0.4 च्या खाली. कधीकधी जीएच चांगलं आणि आयजीएफ-1 थोडं वर, किंवा उलटं, असंही येतं. तेव्हा घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी परत करायचं.

त्याच खेपेला थायरॉइडही बघतील. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण बाहेर स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नुसतं टीएसएच करून देतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक, पिट्युटरीच बनवते. पिट्युटरी दमलेली असेल तर टीएसएच नॉर्मल छापून येतं आणि थायरॉइड मात्र कमीच असतं. म्हणून फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, तपासायला हवंच. ते कमी निघालं तरी थायरॉइडची गोळी कॉर्टिसॉलची सोय झाल्यावरच सुरू करतात. उलट्या क्रमानं दिली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि माणूस कोसळू शकतो. टेस्टोस्टेरॉनही सकाळी तपासतात. त्यावरून येणारे प्रश्न तुम्ही पत्रात लिहिले नाहीत आणि यजमान डॉक्टरांसमोर काढणार नाहीत. तरी विचारा, पुष्कळांचं ऑपरेशननंतर सुधारतं आणि नाही सुधारलं तर त्यावर उपाय आहे.

एवढं करून एप्रिलमध्ये आयजीएफ-1 वरच राहिलं तर? खरं सांगते, तशी शक्यता आहे. 10 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ अनुभवी सर्जनच्या हातून दहातल्या आठ जणांची पूर्ण बरी होते. त्याहून मोठ्या गाठींत निम्म्याच्या आसपास, आणि बाजूच्या रक्तवाहिन्यांकडं शिरलेली असेल तर आणखी कमी. पण उरलेल्यांचा रस्ता तिथं संपत नाही. आकडा थोडाच वर असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्या पुरतात. नाहीतर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. सुरुवातीला पोट बिघडतं, पुढं पित्ताशयात खडे होऊ शकतात, पण पुष्कळांचा आकडा आटोक्यात येतो. पेगव्हिसोमंटचं इंजेक्शन आहे. पुन्हा ऑपरेशन आहे. रेडिएशन आहे, मात्र त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातात. इंजेक्शनं महाग आहेत हे मी लपवणार नाही. पुण्याच्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसत असतील तर काय बसतं आणि काय बसत नाही, हे त्यांना आधीच विचारून ठेवा. आणि अगदी सगळं नॉर्मल आलं, तरी वर्षातून एकदा आयजीएफ-1 आयुष्यभर करायचं. गाठ उशिरानंही परत येऊ शकते.

मुलांचं विचारलंत. बहुतेकांमध्ये हा आजार आनुवंशिक नसतो. काही थोड्या घराण्यांत असतो, पण चाळिशीतल्या माणसाला झाला आणि घरात दुसऱ्या कुणाला नाही, तर मुलांच्या तपासण्या करत बसू नका.

एक गोष्ट राहिली. नाकातून पाण्यासारखं पातळ, घशात खारट लागणारं काही गळत असेल, खाली वाकल्यावर जास्त येत असेल, किंवा तापाबरोबर मान आखडत असेल, तर वेळ न घालवता पुणं गाठा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस चुकली तर दुसऱ्या गाडीनं, पण त्याच दिवशी. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच होतं, आता शक्यता कमी आहे. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी पहिल्या पंधरवड्यात रक्तातल्या सोडियमवरही, म्हणजे मिठावरही, डोळा ठेवावा. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ते अचानक उतरू शकतं, तेही माणूस घरी गेल्यावर. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. अशा वेळी «उन्हाळा आहे, भरपूर पाणी पी» म्हणून तांब्यावर तांब्या पाजणारी माया घातक ठरते. डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलं असेल तर तेवढंच.

तुम्ही पत्रात आणखी एक लिहिलंय: घोरणं कमी झालं, घाम कमी झाला, हाताला मुंग्या येत नाहीत, आणि बोटातली अंगठी परवा आपोआप फिरली. ती सूज उतरतेय. मांसातली आणि कातडीखालची सूज आठवड्या-आठवड्यानं ओसरते. वाढलेलं हाड, जबडा, दातातल्या फटी मात्र मागं जात नाहीत. चप्पल पुन्हा 8 ची होणार नाही, 9 ची झाली तर झाली.

आणि अंगठी सैल झाली म्हणून तुम्ही ती सोनाराकडं लहान करायला टाकणार आहात ना? एप्रिलचा रिपोर्ट येईपर्यंत नका टाकू. अजून सैल होईल. तोवर दोरा गुंडाळून घालायला सांगा.